जंतूचं औषध येईपर्यंत

८ ऑक्टो. ७८, सांगली
कराडहून सकाळच्या एस्टीने आले तर आप्पांची इन्शुलिनची सुई बंद! मला कुणी कळवलंही नाही. सुई टोचायला येणारा कंपाउंडर बोलून गेला म्हणे, हे औषध गुराडुकरांच्या पोटातून काढतात. आप्पा: "जन्मात अंडं शिवलो न्हाई, आन् मला डुक्कर टोचताय व्हय?" हळदीच्या पेठेत उभा जन्म खोटं बोलून आता सोवळं आठवलं.

१५ ऑक्टो.
लघवी तपासली. निळ्या औषधात घालून उकळली, ती थेट विटकरी. साखर भयंकर. समजूत काढायला म्हणून बातमी सांगितली, अमेरिकेत जंतूंकडून माणसाचं इन्शुलिन बनवून घेतलंय. पटेना. मग पोत्याच्या सुतळीचं कडं करून दाखवलं. हे जंतूतलं डीएनएचं कडं. एक एन्झाइम कात्रीसारखं, ठरावीक जागीच कापतं. त्या फटीत माणसाच्या जनुकाबरहुकूम केलेला तुकडा. दुसरं एन्झाइम सांधे जोडतं. कडं परत जंतूत. जंतूचे दोन झाले की तुकडेही दोन, आणि प्रत्येक जण इन्शुलिन बनवत बसतो.
वर्गात इतकं लक्ष देऊन कुणी ऐकत नाही.
"म्हंजे जनावर न्हाईच? ब्येस. ते येईल तवा टोचा."
"यायला वर्षं लागतील, आप्पा!"
"थांबतो की."
डोकं फोडावंसं वाटलं. कुणाचं, ते लिहीत नाही.

भाऊबीज
दादाला ओवाळलं. तबक खाली ठेवायच्या आत सुरू, "आप्पा मेले तर तुझ्या शिकवण्यानं मरतील." मी: "आणि तो बडबड्या कंपाउंडर घरात कुणी आणला?" वहिनी मध्ये पडली. न जेवता निघाले. निघताना आप्पांच्या पाया पडले, तर अंगठ्याला फडकं. वास येत होता. सगळ्यांनी लपवलं. सगळ्यांनी.

१२ नोव्हें.
डॉ. येऊन गेले. साखर उतरली नाही तर पाय काढावा लागेल. आप्पा त्यांनाच सुनावतात, "नवं औषध निघालंय. माझी पोरगी प्राध्यापक हाय, ती खोटं सांगत न्हाई."

१९ नोव्हें.
दादाने जुन्याच इन्शुलिनच्या बाटलीवरचा कागद भिजवून सोलला. "अमेरिकेचं आलं म्हण. तुझ्या तोंडनं पटंल त्यांना."
इतका राग आला की... त्याहून जास्त राग याचा, की मलाही दुसरं काही सुचत नव्हतं.
सुई भरून आत गेले. आप्पांनी आपणहून बाही वर सारली. मग थांबले.
"जंतूचंच न्हवं, बाय?"
दादा माझ्या पाठीशी उभा, श्वास ऐकू येत होता. मी सुई खाली घेतली. आप्पांनी बाही खाली ओढली नाही, दंडही पुढे केला नाही. माझ्याकडे बघत राहिले.
वहिनीनं माझ्या हातून सुई घेतली. न टोचताच परत उकळायला ठेवलीय.