ह्यांना चिडवण्याचे दिवस

३० नोव्हेंबर, रविवार

पहिली मेणबत्ती लावली. एकटीनेच. हे भिंतीकडे तोंड करून पडले होते.

आगमनकाळाचा, नाताळची वाट बघण्याच्या दिवसांचा, पहिला रविवार, आणि ह्यांनी मानसुद्धा वळवू नये! आयुष्यभर चर्चची देखभाल केली ह्या माणसाने. वेदीवरचं कापड, घंटा, मेणबत्त्या, नाताळचा गोठा — सगळं ह्यांच्या हातचं. जरा इकडचं तिकडे झालं की घर डोक्यावर घ्यायचे. आता घर इतकं शांत आहे की खायला उठतं.

अर्धांगवायूचा झटका आला तेव्हापासून उजवा हात-पाय ऐकत नाही आणि बोलणं गेलंय. एकच शब्द उरलाय — मंगळवार. पाणी हवं, मंगळवार. दिवा बंद कर, मंगळवार. तोच का, देव जाणे! डॉक्टर म्हणतात, "समजतं त्यांना सगळं, शब्द सापडत नाहीत." म्हणूनच तर लाजतात. कोणी भेटायला आलं की झोपेचं सोंग. व्यायाम नको, काठी नको. डॉक्टरांनी मला दारात गाठून सांगितलं, "आत्ता उठले नाहीत, तर मग उठणार नाहीत."

मला एवढंच हवंय — ह्यांनी उठावं. आणि एकदा "अगं" म्हणावं. लग्न झाल्यापासून कधी माझं नाव घेतलं नाही, नुसतं अगं. तेव्हा किती राग यायचा मला!

२ डिसेंबर, मंगळवार

आज दिवसभर ह्यांचंच खरं होतं. हसले. मग रडले.

४ डिसेंबर, गुरुवार

बोलणं शिकवणारी बाई आली होती. गोड पोरगी आहे. कप, चावी, कुत्रा अशी चित्रं दाखवली. ह्यांनी डाव्या हाताने सगळी खाली सारली. "बाबा, प्रयत्न तरी करा ना!" — भिंत.

जाताना मलाच विचारते, "तुम्ही जेवता का वेळेवर?" मी म्हटलं, मला काय धाड भरलीय! पण ह्यांचं सगळं उरकून चर्चचं झाडणं-पुसणं आता माझ्याच गळ्यात आहे. संध्याकाळी लेकीचा फोन. "आई, येऊ का गं?" नको म्हटलं. येऊन दोघी मिळून भिंतीकडे बघत बसणार?

७ डिसेंबर, रविवार

काय झालं आज! लिहूनच ठेवते.

ह्यांच्या खोलीतच टेबलावर आगमनचक्र ठेवलंय — तीन जांभळ्या मेणबत्त्या, एक गुलाबी, दर रविवारी एक वाढवायची. डोकं ठिकाणावर नव्हतं माझं. पहिली लावली, आणि दुसरी म्हणून सरळ गुलाबी लावली. मागून "मंगळवार!" असा आवाज आला की काडेपेटीच पडली हातातून. वळून बघते तर हे उठून बसलेले! लालबुंद! डावा हात मेणबत्तीकडे रोखलेला. "मंगळवार! मंगळवार!"

अगदी खरंय — गुलाबी तिसऱ्या रविवारची. शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण मीही पेटले. "चुकलं! फाशी द्या आता मला!"

आणि उठले हो! पलंगाचा कठडा धरून, मग टेबल धरून. गुलाबी फुंकली, बाजूची जांभळी माझ्यासमोर आपटली आणि धापा टाकत खुर्चीत बसले. तिथेच बसून जेवले. दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

८ डिसेंबर, सोमवार

माणूस जागेवर आहे. नुसता रुसलाय. हे आधीच का लक्षात आलं नाही माझ्या?

यंदा गोठा मांडायचा नाही असं ठरवलं होतं, पण दुपारी खोका काढून बाहेरच्या खोलीत, ह्यांना पलंगावरून दिसेल असा मांडलाच. ह्यांचे नियम कडक. गव्हाण रिकामी राहणार, बाळ येशू चोवीस तारखेच्या संध्याकाळी. बाळाच्या दर्शनाला निघालेले तिघे राजे खोलीच्या पार पलीकडे खिडकीत, रोज थोडे पुढे सरकणार, पोचणार नाताळ झाल्यावर. "राजे अजून वाटेत आहेत," असं लेकीला सांगायचे. मी तिघांना आणून थेट गव्हाणीला चिकटवलं आणि गाणं गुणगुणत स्वयंपाकघरात गेले.

कान इकडेच. थोड्या वेळाने — काठी! टक्. टक्. दाराआडून बघितलं. काठी डाव्या हातात, मग राजा न्यायचा कसा? खिशात! एकेका राजाला खिशात घालून खिडकीत पोचवला. तीन राजे, तीन खेपा. परवापर्यंत डॉक्टरांना चार पावलं टाकून दाखवत नव्हता हा माणूस.

मी तोंडात पदर कोंबून हसले.

११ डिसेंबर, गुरुवार

आज टेबलावर फुलं ठेवली. आगमनकाळात फुलं वर्ज्य, ह्यांचा नियम! ती खिडकीतून बाहेर गेली. देवा, माफ कर, पण लबाडी करायला इतकी मजा येते हे मला माहीतच नव्हतं.

१४ डिसेंबर, रविवार

फादरना कालच गाठलं होतं. म्हटलं, फादर, एक पाप करायचंय. वेदीवर जांभळ्याऐवजी पांढरं, नाताळचं कापड आत्ताच घालू का? सगळं ऐकून म्हणाले, "बाई, पाप माझ्या नावावर. घाला!"

सकाळी ह्यांना सहज म्हटलं, "मी पांढरंच घातलंय बाई. कोण बघतंय!" झालं! कोट मागितला — म्हणजे खुंटीवर काठी आपटली. बूट घालून देईपर्यंत धीर नाही. रस्त्यात दोनदा थांबलो, एकदा वाटलं आता पडतात. पण गेले. सगळ्यांच्या देखत वेदीपाशी जाऊन कापडाकडे काठी रोखली. "मंगळवार!"

सगळ्या माना वळल्या. ह्यांच्या लक्षात आलं, आपण चारचौघांत बोललो. मान खाली गेली. तेवढ्यात ऑर्गन वाजवणारी बाई वरच्या सज्जातून ओरडली, "मंगळवारीच का? बुधवारीसुद्धा या की!" आणि हे हसले. तोंडाच्या एकाच बाजूने, पण हसले. मग ज्याला त्याला मंगळवार, मंगळवार करत हात मिळवत सुटले.

फादर प्रवचनात म्हणाले, वाट बघायची म्हणजे हातावर हात ठेवून बसायचं नसतं, पाहुणा येणार म्हटल्यावर आपण घर आवरतोच ना. मी तर मुद्दाम पसारा करत सुटलेय! पण खूप दिवसांनी मला खरंच वाटलं की कोणीतरी येणार आहे आपल्याकडे.

१९ डिसेंबर, शुक्रवार

डॉक्टरांकडे गेलो होतो. चालणं बघून खूश. मग मी विचारलं. विचारायलाच नको होतं.

"बोलण्याची फार आशा धरू नका. तपासण्यांवरून तरी आहे तेवढंच राहील असं दिसतंय."

ह्यांच्यासमोर सांगितलं. टॅक्सीत ह्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. मला धीर देत होते! मी हात काढून घेतला.

नाताळपर्यंत एक अगं येईल असं धरून चालले होते मी. कोणी सांगितलं होतं मला? कोणीच नाही.

२० डिसेंबर, शनिवार

काही नाही.

२१ डिसेंबर, रविवार

चौथी मेणबत्ती ह्यांनीच लावली. मी चर्चला गेले नाही. फादर विचारायला आले, तर दार ह्यांनी उघडलं. मी पांघरूण ओढून पडले.

कालपासून एक शब्द निघाला नाही माझ्या तोंडातून. बोलून करायचं काय? बोलायचं मी आणि उत्तर मंगळवार. हे दोनदा पाणी घेऊन आले. अर्धं सांडत. हळूच म्हणाले, मंगळवार. मी भिंतीकडे वळले.

२२ डिसेंबर, सोमवार

सकाळी उठून बाहेर आले, तर गव्हाणीत बाळ!

आज! बावीस तारखेला! आणि ह्यांनी ठेवलेलं! लेक लहानपणी नुसतं बघायचं म्हणून रडायची, तरी ज्याने एक दिवस आधी खोक्याचं झाकण उघडलं नाही, त्या माणसाने! माझं तोंड जे सुटलं — "अहो, शुद्धीवर आहात का? आज तारीख काय? कॅलेंडर दिसत नाही भिंतीवरचं? फादरना कळलं तर काय म्हणतील? आणि ते उलटं ठेवलंय, पाय उशीवर! बाळाचे पाय उशीवर ठेवतात का कधी?" दोन दिवसांचं सगळं एका दमात.

दम घ्यायला थांबले आणि ह्यांच्याकडे बघितलं. खुर्चीत बसले होते, हसू दाबत, अगदी शांत. मी कितीही बोलले असते तरी ऐकत बसले असते.

म्हणजे माझी लबाडी ह्यांना ठाऊक होती! राजांपासूनच?

बाळाला सरळ केलं. काढलं नाही.