अण्णांचे हात

१४ जाने., बुधवार. संक्रांत.
अण्णांनी आज मला मारलं. नव्वदीला टेकलेत. माझ्या लग्नाला तेहेतीस वर्षं झाली, सासरे म्हणून कधी आवाजसुद्धा चढवला नव्हता. तीर्थ, प्रसाद, तिळगूळ, सगळं वाटीत घेतात, हातावर कधीच नाही. मी मनात नास्तिक म्हणायचे. आज वाटी खरकटी होती म्हणून लाडू तळहातावर ठेवला. त्यांनी मूठ आवळली आणि काठी माझ्या मनगटावर. मग पुन्हा. आणि पुन्हा. "मी सांगूचंय नाय," म्हणत होते. गावची बोली, या घरात पहिल्यांदा ऐकली.
हे ऑफिसातून आले. "तू काय केलंस त्यांना?"
काय करणार मी.

१६ जाने., शुक्र.
डाव्या मनगटाच्या हाडाला चीर. डॉ. म्हणाले, या वयात जुनं-नवं डोक्यात एक होतं. क्रेप बँडेज, मलम हिशेबात लिहिलं. झोळी जुन्या लुगड्याची केली, विकतची कशाला. एका हाताने पोळ्या वेड्यावाकड्या. यांनी तशाच खाल्ल्या.

१८ जाने., रवि.
कोपरीच्या वन्सं आल्या. अण्णांना लांबूनच नमस्कार. मग स्वयंपाकघरात हळूच सांगितलं. अण्णा गोव्यातले, पेडण्याकडचे, एवढं मला ठाऊक होतं. तिथे पोर्तुगीजांचं राज्य, त्यांच्या शिपायांना गावात पाखले म्हणत. अठराव्या वर्षी अण्णांनी बाजारात झेंडा धरला, घोषणा दिल्या. तेवढ्यासाठी धरून नेलं. बाकीच्यांची नावं सांग म्हणून हात बांधून ठेवायचे, आणि रोज सोडून भोकं पाडलेल्या लाकडी फळीने तळहातावर मारायचे. कातडं निघेपर्यंत.
"आईने सांगितलेलं मला. अण्णा एक शब्द बोलले नाहीत कधी. शहाडला कारखान्यात जन्म काढला, तिथेही कुणाला माहीत नव्हतं."
आणि मी तेहेतीस वर्षं त्यांना…
जाताना म्हणाल्या, "वहिनी, ठेवा हो त्यांना कुठेतरी. तुम्ही मराल."

२२ जाने., गुरु.
दु. मला बाबल म्हणून हाक मारली. बाबल त्यांचा दोस्त असावा, त्या वेळच्या सत्याग्रहातला. "आपण हात जोडून गेलंव, बाबल. देवाचं नाव घेत गेलंव. तरी गोळी घातली तुका." बाबल ओहोळात पडला, पाणी लाल झालं, पाखल्यांनी प्रेतही उचलू दिलं नाही. रडत होते. मी डोळे पुसायला गेले तर गळाच धरला. "आता हात जोडूचे नाय." शेजारचे दोघे आले म्हणून सुटले. गळ्यावर बोटं उमटली आहेत. मंगळसूत्र तुटलं. मणी केरातून वेचले.

२६ जाने., सोम.
सोसायटीत झेंडावंदन. लाउडस्पीकर, घोषणा. अण्णांनी खिडकीची काच फोडली, तुकडा मुठीत धरला आणि यांच्या कपाळावर. पाच टाके. देवघरापर्यंत रक्त. यांनी माझ्या सुती साडीने त्यांचे दोन्ही हात बांधले.
मला वाटलं ओरडतील. नाही. एकदम शांत. मान पुढे वाकवली आणि तशीच ठेवली.
"बघ, झाले शांत," हे म्हणाले.
मला ती मान बघवेना.

२८ जाने., बुध.
जेवण भरवायला हात सोडले. दोन घास खाल्ले, मग मी न विचारता बोलले. अगदी सरळ. बाबलनंतर ते कोयते, बंदुका घेतलेल्यांत गेले. पुलाखाली सुरुंग लावला. मग पोलीसचौकीवर हल्ला. एक शिपाई जिवंत मिळाला. पाखला नाही, आपल्यातलाच, शेजारच्या वाडीतला. त्याचे हात अण्णांनी बांधले.
"त्यानं मान खाली घातली. कोयतो माझ्याकडे होतो."
मग, "पुढे आपली पलटण इली. राज्य गेला पाखल्यांचा. लोक नाचले. मी व्हाळात हात धुवत होतंय."
भाताचं ताट माझ्या तोंडावर फेकलं. मी भात वेचला.
संध्याकाळी देवापुढे बसले. कुणासाठी काय मागू, अण्णांसाठी की त्या शिपायासाठी?

३० जाने., शुक्र.
यांनी बदलापूरकडचा वृद्धाश्रम ठरवला. रविवारी गाडी येणार.
"तिथे बांधतात का?"
"गरज पडली तर. सगळीकडेच बांधतात."
"बांधलं की ते मारले जायची वाट बघतात हो."
"आणि सोडलं की आपण." कपाळावरच्या पट्टीला हात लावून म्हणाले. "माझे वडील आहेत ते. मला का हौस आहे?"
खरंच आहे तेही.

१ फेब्रु., रवि.
पिशवी भरली. दोन धोतरं, स्वेटर, वाटी.
पूजा आटोपून तीर्थ न्यायला वाटी शोधली, ती पिशवीत तळाशी. ताम्हन घेऊन तशीच त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. काठी जवळच होती. हात मोकळे. माझं मनगट आपोआप मागे गेलं. म्हटलं, "अण्णा, तीर्थ."
त्यांनी पळीकडे पाहिलं. डोळे मिटले, दात आवळले, आणि उजवा तळहात पुढे केला. उघडा. मध्ये कातडं गुळगुळीत, रेषाच नाहीत. हात तीर्थासाठी केला की फळीसाठी, मला कळलं नाही. पळी ओतली. ते हललेच नाहीत. पाणी तळहातावर तसंच. प्यायले नाहीत, सांडलंही नाही.
खाली गाडी आली आहे. हे पिशवी घेऊन दारात उभे, साडीची पट्टी खांद्यावर. "चल, हात बांधायला मदत कर."
अण्णांचा हात अजून पुढेच आहे. मी इथेच बसून लिहिते आहे.