वैनगंगेतले खुंटे

१७ नोव्हेंबर, सोमवार
नदी उतरली! छातीएवढी होती, आता गुडघ्याएवढी. वाट आखायला घेतली. मी सांगून राह्यली, नात पुनम लिहून राह्यली. अक्षर चांगलं आहे म्हणते. मले तर मुंग्या चालल्यासारखं दिसते.

नदी दर पावसाळ्यात रेती हलवते, बेटंही हलवते. मागची वाट यंदा बुडवेल. म्हणून मी अनवाणी आरपार चालते. तळपायाले रेती घट्ट लागली की तिथं बांबूचा खुंटा ठोकायचा, वर लाल चिंधी. एकतीस वर्षं झाली. शुक्रवारी पलीकडच्या बाया डोक्यावर टोपल्या घेऊन याच खुंट्यांच्या भरवशावर बाजाराले येतील. पुलावरून चौदा किलोमीटर पडते!

१८ नोव्हेंबर
नाल्याच्या तोंडाशी दलदल. पुनमची चप्पल चिखलानं गिळली. "आजी, काढ ना!" म्हटलं, "राहू दे, खेकड्याच्या लग्नात कामी येईल."

पहिल्या बेटावर देवाजीची टरबुजाची वाडी. "बाई, वाट माह्या वेलांतून नको काढू." म्हटलं, "नदीले सांग, भाऊ. मी तिची नोकर."

१९ नोव्हेंबर
हे लिही, पण तुह्या बापाले दाखवू नको. माह्या तळपायांले काहीच लागत नाई. गार नाई, घट्ट नाई, काटाही नाई. आरमोरीचा डॉक्टर म्हणे शुगर. म्हटलं, साखर तर मी चहात टाकते, पायात कशी उतरली!

२० नोव्हेंबर
काठीनं रेती टोचत टोचत पलीकडचा काठ गाठला. देवाजी म्हणे, "बाई, यंदा लय जपून चालून राह्यली." म्हटलं, "नवरीसारखी दिसते का?" हसला. वाचली!

शेवटच्या धारेत काठी जरा जास्तच खाली गेली. तरी खुंटा ठोकला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा अंदाजानं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
सकाळी पाहते तर शेवटचे चार खुंटे धारेच्या वरच्या अंगाले दहा हात सरकलेले. जुन्या जागी काठी खुपसली — रुततच गेली! मागं वळली तर पुनम, मांडीपर्यंत ओली, कुडकुडत.

लिही, खुंटे पुनमनं हलवले. थांबली काऊन? लिही!

अकरा बाया आल्या, एकीचीही टोपली भिजली नाई. त्यांतली रंजीता म्हणाली, "धुरपताबाई, तुमच्या पायाले नदी बोलते!"

सगळ्यांसमोर म्हटलं, "माह्या नाई, हिच्या."