खंडेनवमीचं पिस्तूल

बेस्ट (नेदरलँड्स), १४ ऑक्टोबर २००५

ती. दादा,
प्रमोदिनीचा नमस्कार.

भाजणी, मेतकूट आणि तुझ्या भाचीसाठी पाठवलेलं टिकल्यांचं पिस्तूल पोचलं. पार्सलवर साडेसहाशेची तिकिटं पाहून जीव हळहळला. इतका खर्च करू नकोस रे.

खंडेनवमीला विळी-कात्रीशेजारी शिवांगीनं पिस्तूलही मांडलं. मीही कौतुकानं हळदकुंकू वाहिलं.

मागे इथल्या एका शाळेत मुलानं गोळी झाडली होती. तेव्हापासून कुणाकडे हत्यार दिसलं तर लगेच सांगा, असं शिवांगीच्या बाई वर्गाला बजावतात. काल पुन्हा तोच विषय निघाला, तर आमची कन्या हात वर करून म्हणाली, "आमच्या घरी पिस्तूल आहे. आई त्याची पूजा करते!"

आम्हाला लगेच बोलावणं आलं. दसरा समजावताना हे घामाघूम झाले. शेवटी बाईंना पटलं, त्या हसल्याही. काळजी करू नकोस.

पण वर्गातली मुलं तिला चिडवतात. रात्री रडून म्हणाली, "यापुढे मी कुणाचं काहीच सांगणार नाही." दादा, उद्या खरंच कुणाच्या दप्तरात तसलं काही दिसलं आणि पोर गप्प बसली तर? देवापुढे हात जोडतानाही तेच मनात येतं.

वहिनीचा गुडघा कसा आहे? तेल लावते ना?

शिवांगी माझं ऐकत नाही, मामाचं ऐकते. सांगितलंस ते चांगलं केलंस, पुढेही सांगत जा, एवढं तिला उलट टपाली लिही. अक्षर मोठं काढ, मराठी अजून जुळवून वाचते.

तुझी,
प्रमोदिनी