तेराऐवजी अकरा

३ मार्च
ताईचं हिमोग्लोबिन १०.९! नोव्हेंबरात ७.४ होतं, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून माझ्या चुका काढायची. आज दोन जिने चढली आणि दम न खाता चुका काढल्या. प्रगती आहे.

५ मार्च
डॉक्टरबाईंनी रक्तवाढीचं इंजेक्शन आठवड्याऐवजी पंधरवड्याला केलं. ताई बिथरली. पर्समधून कात्रण काढून टेबलावर ठेवलं — माझाच वीस वर्षांपूर्वीचा पेपरातला लेख. किडनीच्या रुग्णांचं हिमोग्लोबिन तेराच्या पुढे न्यायलाच हवं म्हणे. खाली ठळक अक्षरात माझं नाव. जमीन दुभंगेल तर शपथ.

डॉक्टरबाई म्हणाल्या, तेव्हा आम्हीही तेच मानायचो. आजारी किडनी रक्त बनवायचा निरोप नीट धाडत नाही, म्हणून तो सुईतून धाडायचा. जास्त तितकं बरं. मग मोठ्या चाचण्या झाल्या. तेराच्या मागे लागलेल्यांत पक्षाघात जास्त निघाला. आता अकराच्या आसपास थांबतात.

ताईने मान डोलावली. बाहेर पडल्यावर म्हणाली, "त्या लेखाचं प्रूफ मी वाचलंय. एक चूक नव्हती त्यात."

तीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक! छापील अक्षर हेच तिचं आप्तवाक्य. तोंडी बोलणं म्हणजे वारा.

८ मार्च
पुन्हा समजावलं. तेव्हाही प्रामाणिकपणे लिहिलं होतं, म्हणालो.
"शास्त्रीबुवा, प्रामाणिक नको. बरोबर लिहा."

९ मार्च
अबोला. घर फार शांत, जेवण फार अळणी.

११ मार्च
संपादकाकडे दुरुस्ती छापायची परवानगी मागितली. वीस वर्षांनी? वाचणार कोण, म्हणाला. एक जण वाचेल, म्हणालो.

रात्रीपर्यंत लिहिलं. अंगात लोह असूनही ते कुलूपबंद कसं राहतं, सुईऐवजी आता गोळ्याही कशा आल्यात, आणि माझा तेराचा आकडा. डॉक्टरबाईंचं वाक्यही घातलं — दहा वर्षांनी आमचंही कुणी खोडेल, खोडायलाच हवं.

१३ मार्च
प्रूफ ताईपुढे ठेवलं. लाल शाईत परत आलं: 'कदाचित' काढ. 'चुकलो' म्हण.
काढलं. म्हटलं.
पटलं का, विचारलं. प्रूफ म्हणजे छापील नव्हे, म्हणाली.

१६ मार्च
छापून आलं. पान सहा, तळाला.

१७ मार्च
ताईने फ्रिजमधून जुन्या, दर आठवड्याच्या हिशेबाने आणलेली, उरलेली दोन इंजेक्शनं काढून माझ्या हातावर ठेवली.
"काल सकाळी घेणार होते. आधी पेपर आला."