सदूचा डावा पाय

किन्हवली, वैशाख वद्य सप्तमी, १९४७

आज ट्रॅक्टरचा क्लच उघडला. आठ दिवस मी सदूला चारचौघांत बोलत होतो, "पेडलवर पाय ठेवून बसतोस, म्हणून झिजला." सदू आमचा जुना गाडीवान, माझ्याहून वयाने मोठा. ट्रॅक्टरही तोच चालवतो, पेडल पायाला कळावं म्हणून अनवाणी. तो एवढंच म्हणायचा, "नाय मालक, पाय नाय ठेवत मी."

कल्याणहून आलेल्या फिटरने क्लचची चकती बाहेर काढली. अस्तर झिजून पार रिव्हेटांपर्यंत गेलेलं, आणि सगळीकडे तेल. करंजाचं तेल! फिटर म्हणाला, "इथे तेल कोणी घातलं? ही कोरडीच लागते. तेलामुळे घसरत राहिली, घसरून घसरून जळली."

मीच घातलं. पेडल दाबलं की कुरकुरायचं, म्हणून बैलगाडीच्या आसाला घालतो तसं महिन्यापूर्वी क्लचच्या झाकणाच्या भोकातून वाटीभर ओतलं. वाटी सदूनेच आणून दिली होती. फिटरने विचारलं तेव्हा सदूने माझ्याकडे पाहिलं. मी का नाही बोललो? फिटरची लाज वाटली? की सदूचीच?

रॉकेलने सगळं धुतलं, नवं अस्तर बसवलं. दुपारी ट्रॅक्टर पुन्हा नांगर ओढू लागला.  आता सदू क्लच दाबून झाला की डावा पाय उचलून बाहेर लोंबता सोडायचा. संध्याकाळपर्यंत तसाच चालवत होता. बांधावर उभ्या असलेल्या मला तो पाय दिसावा म्हणून.