चाळीस रात्री सलग

४ मार्च

उतरायचं नव्हतंच! नुसतं पाणी प्यायला उतरले. हातपंपापाशी एक बाई कपडे पिळता पिळता स्वतःशीच भांडत होती — दोन्ही बाजूंनी, आणि दोन्ही बाजू पटण्यासारख्या. ऐकत बसले. गाडी गेली. बोचकं काखेत होतं म्हणून निभावलं.

भांडणारी बाई इथली पोस्टमास्तरीण निघाली. सगळे तिला टपालमावशी म्हणतात. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "वय?" एकवीस, म्हटलं. "धडधाकट आहेस. चल." आणि हाताला धरून चक्क ओढतच नेलं! पावाच्या भट्टीपाशी दहा-बारा माणसं जमली. कुणी पाणी दिलं, कुणी स्टूल पुढे केलं, एकानं टोपी काढून नमस्कार केला. मला वाटलं, माझ्यासारखी दिसणारी कुणी बडी बाई यायची असणार आणि तिचा मान मीच खातेय.

तसं नव्हतं. प्रकरण असं — राज्य नवंकोरं आहे, दोन वर्षांचंही नाही. जुन्याच तिकिटांवर नवा शिक्का मारून काम चाललंय. तर नव्या राज्याचा नवा कायदा : तीनशे रहिवासी असले तर गाव, नाहीतर नुसती वस्ती. गावाला डॉक्टर मिळतो. वस्तीला ठेंगा. आणि रहिवासी कुणाला म्हणायचं? मोजणीच्या आधी चाळीस रात्री सलग तिथं झोपला त्याला. मोजणी तेरा एप्रिलला. ती चुकली की पुढची तीन वर्षांनी.

इथं माणसं आहेत दोनशे नव्याण्णव!

बोटांवर मोजलं. आजची रात्र धरून बारा एप्रिलपर्यंत बरोब्बर चाळीस. मी एका जागी जास्तीत जास्त अकरा रात्री झोपलेय, त्याही गोवर झाला होता म्हणून. "राहीन की," म्हटलं. बोलायला काय जातंय!

५ मार्च

भट्टीवर काम मिळालं. दादा पाव भाजतात, वहिनी पीठ मळतात. दारातून आधी वहिनींचं पोट आत येतं, मग वहिनी. जूनमध्ये आहे म्हणे.

मी विचारलं, "पोटातलं धरलं तर तीनशे होतात की!"

"विचारून झालंय," वहिनी म्हणाल्या. "पत्र लिहून. नाही धरत." आणि हसल्या. हसताना पिठाचा हात कपाळाला लावतात आणि मग दिवसभर तसंच कपाळ घेऊन हिंडतात, कुणी सांगत नाही.

मागचं मावशीनं सांगितलं, वहिनी मागच्या खोलीत गेल्यावर. दोन वर्षांपूर्वी वहिनींना कळा लागल्या, दादा डॉक्टर आणायला निघाले ते तिसऱ्या दिवशी घेऊन आले. "तोवर पाळणा परत माळ्यावर गेला होता," मावशी म्हणाली. एवढंच. मग पत्रं छाटायला लागली, नको तितक्या जोरात.

८ मार्च

इथं एक मंत्री आहेत! खरेखुरे! राज्याच्या पहिल्या मंत्रिमंडळात होते, रस्ते आणि पूल खात्याचे. अकरा दिवस. बाराव्या दिवशी मंत्रिमंडळच गडगडलं. आता चपला शिवतात. सगळे अजून मंत्रीच म्हणतात, त्यांची बायकोसुद्धा. "मंत्री, दळण आणा."

"अकरा दिवसांत काय केलंत हो?"

"खुर्ची दोनदा बदलून घेतली. एक डुगडुगायची, दुसरी करकरायची. आणि एका कायद्यावर सही. वाचायला वेळ नव्हता."

"मग आता कसं वाटतं?"

"खातं तेच आहे गं. रस्तेच. फक्त आता तळव्याच्या बाजूनं बघतो."

वस्तीतली माणसं पहिल्यांदा मोजली तीही यांनीच. तीनशे भरली होती! मग कळलं, गाढवालाही धरलंय. "ते चाळीस रात्री सलग झोपलेलं आहे," हे त्यांचं म्हणणं.

मला नाव मिळालं — भिंगरी. मंत्र्यांनीच ठेवलं. माझ्या चपलांचे तळ बघून म्हणाले, "पोरी, यांवर निम्म्या राज्याची माती आहे."

१५ मार्च

बारावी रात्र! विक्रम मोडला! आणि गोवर नसताना!

२२ मार्च

माझे पाव फुगले! पहिले दोन आठवडे दगड निघत होते, मंत्री म्हणाले होते, "हे मला द्या, टाचांना लावतो." आज फुगले. दादा लांब दांड्याच्या फळीवर एकेक बाहेर काढत होते आणि मी शेजारी उड्या मारत होते. कोपर भाजलं. भाजू दे!

"हिच्या हाताचं पीठ ऐकतं," वहिनी म्हणाल्या.

लाड तर विचारू नका. न्हाव्यानं केस कापून दिले, न सांगता. (एक बाजू आखूड आहे.) मंत्र्यांनी चपलांना नवे तळ ठोकले, दुप्पट जाड. "एवढे जड?" म्हटलं. "मुद्दाम. पळालीस तर आवाज येईल."

झोपायची चंगळ आहे. मावशीच्या पोस्टाच्या माळ्यावर टपालाच्या गोणी आहेत, मऊ — आत लोकांची पत्रं कुरकुरतात. गारठा असला तर भट्टीपाशी बाकावर. मनाला येईल तिथं. कुणी विचारत नाही.

वहिनींनी आज पाळणा खाली काढला. पुसला. परत वर ठेवला. मी बघितलं ते त्यांना माहीत नाही.

२८ मार्च

पंचवीस. पाय खाजताहेत. नुसतेच.

३ एप्रिल

लिहू की नको? लिहितेच. वहीला नाही सांगायचं तर कुणाला!

काल दुपारी पाव पोचवायला वस्तीच्या टोकाला गेले तर हद्दीपलीकडच्या रस्त्यानं घर चाललं होतं. घर! दोन खिडक्या, एक दार, पडदे, वर धुराडं. खाली लाकडाचे ओंडके, पुढे आठ बैल. घर एक ओंडका मागे टाकायचं की दोन माणसं तो उचलून पळत पुढे नेऊन ठेवायची. उंबऱ्यावर एक काका पाय खाली सोडून बसलेले, ओसरीवर बसावं तसे.

मी टोपली खाली ठेवली. आता काय करू! कुणीही ठेवली असती.

"काका, घर कुठं नेताय?"

"राज्यात."

"म्हणजे?"

"हद्द आखली, त्यात माझी विहीर या राज्यात आली आणि घर गेलं पलीकडच्यात. अर्ज केला. साहेब म्हणाला, हद्द हलत नसते. म्हटलं, बरं, मग घर हलतं."

आतून काकू ओरडल्या, "आणि मी बोंबलत होते, आधी भांडी खाली काढा!" त्याच क्षणी आत काहीतरी फुटलं. "हा सातवा पेला!"

मीही ओंडके उचलायला लागले. एक झाला, दोन झाले, वीस झाले. चालत्या घराच्या स्वैपाकघरात उभ्यानं जेवले! चूल पेटलेली, भात डुलतोय, खिडकीतून झाडं मागे चाललीत! एवढं हसले की ठसका लागला. काका सांगत होते, राज्य झालं त्या दिवशी ते घरावर चढून ओरडले होते, आणि महिन्याभरानं कळलं की ते चुकीच्या राज्यात ओरडले. हद्दीच्या दगडापाशी पोचायला अंधार पडला. बैल दमले. घर तिथंच थांबलं. काकूंनी अंथरूण टाकलं. "पडा जरा, मग जा," म्हणाल्या.

डोळे उघडले तर खिडकीत ऊन!

एकोणतीस रात्री झाल्या होत्या. तिसावी गेली. दहा हातांवर, दगडाच्या पलीकडे! आपल्या राज्यातसुद्धा नाही!

पळत आले. सगळी वाट. भट्टीवर दादा म्हणाले, "मावशीकडे झोपलीस वाटतं." पोस्टात मावशी म्हणाली, "भट्टीपाशी होतीस ना काल?" दोघांनाही हं म्हटलं. हं म्हणजे काही खोटं नव्हे.

खोटंच.

४ एप्रिल

घास उतरत नाही. (उतरला. पाव गरम होता.)

९ एप्रिल

वहिनींना सांगितलं. राहवेना.

त्या लंगोट शिवत होत्या. सांगत सांगत चालत्या घरापाशी आले तशा हसायला लागल्या. "चुलीसकट? पडदेसुद्धा?" पोट धरून हसत होत्या, मी घाबरले. मग मी रात्रीचं सांगितलं आणि त्यांनी सुई कापडात खोचून ठेवली.

मला तोंड लपवायला जागा नव्हती.

"निघून जायच्या विचारात होतीस का?"

"नाही वहिनी. शप्पथ. परत पळत आले."

"पळत?"

"चपला एवढ्या जड असून!"

"बरं." मग म्हणाल्या, "कुणाला बोलू नकोस. यांना तर मुळीच नको. यांना खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात."

एवढंच! रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. जाताना मला उद्याचं पीठ भिजवायला सांगितलं, रोजच्यासारखं. परातीत पाणी जास्त झालं. काय झालंय मला!

१२ एप्रिल

मोजणीदार आला. उंच, सर्दी झालेला, पत्र्याची पेटी. पोस्टातच उतरलाय. मावशीनं त्याला काढा पाजला तर म्हणतो, "याची नोंद होणार नाही."

१३ एप्रिल

भराभर लिहितेय. पाच मिनिटं मागून घेतलीत, खाली तो थांबलाय!

सकाळपासून मोजणी चालू आहे. त्याची पद्धत अशी की माणसाला काही विचारायचंच नाही. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याला विचारायचं — "रात्री पलीकडून काय ऐकू येतं?" त्यावरून कळतं कोण खरंच झोपतं तिथं. काय काय बाहेर आलं! न्हावी झोपेत म्हणतो, "मान सरळ ठेवा." मंत्री झोपेत भाषण करतात आणि त्यांची बायको झोपेतच टाळ्या वाजवते. मोजणीदाराचा चेहरा हलत नाही. नुसती रेघ मारतो. लोक हसून हसून बेजार, मीसुद्धा! दोनशे नव्याण्णव रेघा झाल्या.

मग मी. दादा म्हणाले, "बाकावर नसली की मावशीकडे असते." मावशी म्हणाली, "गोणीवर नसली की भट्टीपाशी." मोजणीदारानं नाक पुसलं. "म्हणजे कुठंच नसली तरी तुम्हा दोघांना कळणार नाही."

वहिनींनी चौकट धरली होती.

आणि मंत्री उठले! "साहेब, ही रोज वही लिहिते! माळ्यावर बसून! तारीख घालून! लेखी पुरावा असेल तर तोंडी बघायचाच नाही, असं कलम आहे. माझ्याच सहीचं!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादांनी मंत्र्यांना मिठी मारली, पीठ लागलं सगळं. अहो मंत्री, वाचून सही करायला काय झालं होतं!

"कलम आहे," मोजणीदार म्हणाला. "वही आणा. एखादं पान फाडलेलं असेल तर वही बाद आणि नोंदही बाद."

"आजचं लिहायचं राहिलंय," म्हटलं आणि वर पळाले.

तीन तारखेचं पान धरून बसलेय. नाही फाडता येत. खालून न्हाव्याचा आवाज येतोय — तो डॉक्टरला कुठल्या खुर्चीत बसवायचं ते ठरवतोय.

गंमत बघ, म्हणजे हेसुद्धा तो वाचणारच! मग सांगूनच टाकते. साहेब, मी एक रात्र नव्हते. घर चाललं होतं हो, खरंच. मला खोडा. पण चौकट धरून उभ्या आहेत त्यांना दोन धरा. दोन आहेतच त्या. भिंतीपलीकडे कुणालाही विचारा, रात्री त्या पोटातल्याशी बोलतात. मी बाकावरून ऐकलंय. उत्तर येईल एवढं थांबून मग पुढचं बोलतात.

आले, आले! हाक मारतोय.

१४ एप्रिल

सदर नोंद वहीच्या मालकिणीची नाही. वही पुराव्यादाखल तपासली. दिनांक ४ मार्च ते २८ मार्च वाचले, मुक्काम सिद्ध. त्यापुढील दिनांक ३ एप्रिल ते १३ एप्रिल ही सर्व पाने एकमेकांस घट्ट चिकटलेली आढळली. ओढून उघडल्यास पुरावा फाटण्याचा संभव, सबब वाचली नाहीत.

गर्भातील मूल मोजणीत धरता येत नाही. हे कोणीही विचारलेले नसताना नमूद करीत आहे.

एकूण रहिवासी तीनशे. डॉक्टर मे महिन्यापूर्वी रुजू व्हावा, असा शेरा मारला आहे.

— मोजणीदार

डिंक पोस्टातला आहे, ओला आहे. वाळेपर्यंत वही उघडू नये.